युथ ग्रुपमध्ये सॉलिडॅरिटी आणि शांततेवर सेशन घ्यायचंय? तेलाची पिशवी न्या

रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर भुकेल्या पोरांना दीड तास बसवून चर्चची सामाजिक शिकवण सांगायची म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा मस्त पीपीटी केलेली, तिसऱ्या स्लाइडला अर्धी पोरं मोबाईलमध्ये. आता पीपीटी बंद, सूर्यफूल तेलाची एक लिटरची पिशवी नेते.

पिशवी टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, २०२२ मध्ये ही एवढी महाग का झालेली? कोणीतरी युक्रेन म्हणतंच (आपल्याकडे हे तेल जास्त करून तिथूनच यायचं, मग रशिया). लगेच पुढचा प्रश्न टाका, तेव्हा घरात वाईट कशाचं वाटलं, युद्धाचं का भावाचं? खरं उत्तर येऊ द्या, लाजवू नका कोणाला. मुद्दा इथेच आहे, आपण एकमेकांवर अवलंबून आहोत हे नुसतं वास्तव झालं, त्याची सॉलिडॅरिटी आपोआप होत नाही.

मग पोप दुसरे जॉन पॉल यांच्या ‘सोलिसितुदो रेई सोशियालिस’ची झेरॉक्स वाटा, ३० डिसेंबर १९८७ चं पत्र आहे. अख्खं देऊ नका प्लीज, परिच्छेद ३८ आणि ३९ पुरे. ३८ मध्ये ते सरळ म्हणतात की जवळच्या-लांबच्या लोकांचं दुःख बघून नुसतं हळहळणं म्हणजे सॉलिडॅरिटी नव्हे, सगळ्यांच्या भल्यासाठी झटायचा पक्का आणि टिकणारा निश्चय म्हणजे सॉलिडॅरिटी. ३९ मध्ये आधीचे पोप बारावे पायस यांचं ब्रीद घेतात, शांती हे न्यायाचं फळ, आणि त्याला जोडून म्हणतात शांती हे सॉलिडॅरिटीचंही फळ. मराठी शब्दावर वाद होईलच, ‘एकजूट’ म्हटलं की मोर्चा आठवतो आणि ‘सहानुभूती’ तर नकोच, मी आपली सॉलिडॅरिटीच म्हणते. आणि हो, सेशनभर ‘बिचारे’ म्हणायला बंदी, म्हटलं की दहा रुपये दंड, त्यातून चहा.

पोरं खरी जागी होतात ती मुंबईच्या गोष्टीने. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल युखरिस्टिक काँग्रेसला (कॅथलिकांचं जागतिक धार्मिक संमेलन) मुंबईत आलेले, तिथे त्यांनी देशांना सांगितलं की शस्त्रांच्या खर्चातला थोडा पैसा काढून गरिबांसाठी जागतिक फंड उभा करा. १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’ या त्यांच्याच पत्रात मुंबईचं नाव घेऊन तेच परत. २०२० मध्ये ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या पत्रात पोप फ्रान्सिस पुन्हा तेच मागतात. तीन तारखा फळ्यावर लिहा आणि गप्प बसा, बाकीचं पोरं स्वतः बोलतात.

आता पुण्याची खास अडचण. खडकी-वानवडीकडची पोरं असली की कोणाचे बाबा आर्मीत, कोणाचा मामा ॲम्युनिशन फॅक्टरीत, आणि पाकिस्तान निघाला की टीव्ही डिबेट सुरू. त्यामुळे आधीच सांगून टाका, कॅटेकिझम (चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक) देशाचा बचाव करायचा हक्क मानतं, आणि जे सैनिक नीट कर्तव्य करतात ते शांततेलाच हातभार लावतात असं त्याच्या परिच्छेद २३१० मध्ये लिहिलंय. फक्त बचावाच्या अटी कडक आहेत, बाकी सगळे उपाय आधी करून बघायला हवेत. मग भारत-पाक बाजूला ठेवून अर्जेंटिना-चिली घ्या, कोणाचंच रक्त तापत नाही. १९७८ मध्ये बीगल खाडीतल्या बेटांवरून दोघं युद्धाच्या काठावर होते, दोन्ही कॅथलिक देश बरं का, व्हॅटिकनने कार्डिनल सामोरे यांना मध्यस्थीला पाठवलं आणि १९८४ मध्ये करार झाला. सहा वर्षं लागली! हे सहा वर्षंवालं ठासून सांगा, पोरांना सगळं रीलच्या स्पीडने हवं असतं.

पुढच्या रविवारी जमलं तर खडकी वॉर सेमेटरीला (युद्धात मेलेल्या सैनिकांची दफनभूमी) न्या, भाषण नको, दगडांवरची वयं वाचू द्या. तेलाची पिशवी मात्र सेशन संपल्यावर आठवणीने उचला, माझी एकदा हॉलमध्येच राहिली आणि पुढच्या आठवड्यात तिची भजी झालेली.