मराठी रहस्यकथाकाराने आपले लेखनवर्ष कसे आखावे

मराठीत रहस्यकथा, भयकथा किंवा विज्ञानकथा लिहिणाऱ्याचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. दिवाळी अंक बाजारात येऊन त्यांची पहिली चर्चा ओसरली की, म्हणजे साधारणपणे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, ते सुरू होते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा रुजवली आणि तेव्हापासून मराठी कथेचा व्यवहार बऱ्याच अंशी या एका सणाभोवती फिरत आला आहे. पुढे ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी गूढ, थरार आणि विज्ञान या प्रकारांना त्यात हक्काची जागा मिळवून दिली. ज्यांना या लेखनात दहा-वीस वर्षे टिकायचे आहे, त्यांनी स्फूर्तीची वाट पाहण्याऐवजी या वेळापत्रकाप्रमाणे काम आखावे आणि एकदा लिहिलेली कथा पुन्हा पुन्हा उत्पन्न देईल अशा रीतीने तिचे हक्क सांभाळावेत. पुढील विवेचन मुख्यतः रहस्यकथाकारांसाठी आहे; व्यवहाराचा भाग मात्र इतर प्रकारांनाही लागू पडतो.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ वाचनाचा आणि टिपणांचा असावा. या काळात निदान सात-आठ दिवाळी अंक केवळ रसिक म्हणून न वाचता त्या बाजारात उतरू पाहणाऱ्याच्या नजरेने वाचावेत: कोणता संपादक अडीच हजार शब्दांची चटपटीत कथा छापतो, कोणाला दीर्घकथा चालते, कोणाकडे अतिमानुष शेवटाचे वावडे आहे, हे अंक पाहूनच कळते. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत दोन किंवा तीन कथांचे खर्डे पूर्ण करावेत. प्रस्थापित लेखकांना संपादकांची निमंत्रणे मे-जूनमध्ये येतात. नवोदिताने निमंत्रणाची वाट न पाहता त्याच सुमारास कथा पाठवावी, कारण जुलैअखेर बहुतेक अंकांची पाने भरलेली असतात आणि गणपतीनंतर छपाईची धांदल सुरू झाली की संपादकाला नवे साहित्य वाचायला उसंत नसते. एक कथा एका वेळी एकाच अंकाकडे पाठवावी, आणि ठरावीक तारखेपर्यंत कळवण्याची विनंती पत्रातच करावी. कादंबरीचे काम ऑगस्ट ते ऑक्टोबर या तुलनेने मोकळ्या महिन्यांत पुढे न्यावे.

विज्ञानकथेकडे वळू पाहणाऱ्यांसाठी मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा हे जुने आणि विश्वासार्ह प्रवेशद्वार आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी १९७४ साली या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ अशा टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. नाव न पाहता कथा वाचली जाण्याची संधी नवोदिताच्या पथ्यावरच पडते, त्यामुळे अशा स्पर्धांसाठी वर्षातली एक कथा राखून ठेवावी.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे. रहस्यकथेची आखणी करताना शेवटापासून मागे यावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो बरोबर असला तरी अपुरा आहे. माझ्या मते एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखणे अधिक उपयोगी ठरते. पहिल्या रकान्यात प्रत्यक्षात काय घडले ते तारीख-वेळेसह लिहावे, दुसऱ्यात तपास करणाऱ्याला ते केव्हा आणि कसे कळले ते लिहावे, आणि तिसऱ्यात वाचकाला ते कोणत्या पानावर दिसले ते नोंदवावे. दुसरा आणि तिसरा रकाना जिथे एकमेकांपासून फार दूर जातात, तिथे लेखक वाचकाशी लबाडी करत आहे असे खुशाल समजावे. तपासनीसाला ठाऊक असलेला धागा वाचकापासून केवळ शेवटच्या धक्क्यासाठी लपवणे हा मराठी रहस्यकथेचा जुना दोष आहे आणि चोखंदळ वाचक तो माफ करत नाही.

गुन्ह्याच्या वेळापत्रकात आजचे तंत्रज्ञान पहिल्या दिवसापासून धरावे. मोबाइलच्या टॉवरची नोंद, सोसायटीच्या फाटकावरचा सीसीटीव्ही, यूपीआयने दिलेले चहाचे पैसे आणि फास्टॅगची नोंद यांमुळे ‘मी त्या रात्री पुण्यात होतो’ ही सबब आता एका दुपारीत तपासता येते. हे टाळण्याचे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत: कथा १९८०च्या दशकात नेणे, किंवा या नोंदींनाच गुन्हेगाराच्या योजनेचा भाग बनवणे. प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी मोबाइलची बॅटरी संपवणारा लेखक वाचकाच्या मनातून उतरतो.

पोलीस तपासाचे तपशील हा मराठी रहस्यकथेचा सर्वांत कच्चा भाग आहे, म्हणून त्यावर वेळ घालवणे अगत्याचे आहे. कथा कोणत्या तारखेला घडते हे आधी ठरवावे, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. त्या दिवशी वा त्यानंतर झालेल्या खुनाला कलम ३०२ नव्हे, तर कलम १०३ लागते, आणि त्याआधी घडलेल्या खुनाला मात्र जुनेच कलम लागते. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. महाराष्ट्रात शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक अशी चढती पदे आहेत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त असतात, तर ग्रामीण जिल्ह्यात पोलीस अधीक्षक. नमुने तपासायला ‘दिल्लीला’ पाठवण्याची गरज नसते, कारण राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे आहे आणि तिच्या प्रादेशिक प्रयोगशाळाही आहेत. अहवाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी येत नाही. खासगी गुप्तहेराला झडती घेण्याचा वा जबाब नोंदवण्याचा कोणताही अधिकार नसतो, त्यामुळे त्याला पोलिसांत एखादा मित्र देण्याची जुनी क्लृप्ती अजूनही उपयोगी आहे.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कबुलीजबाबाची. शेवटच्या प्रकरणात सर्व संशयित दिवाणखान्यात जमले आहेत, निरीक्षक बोट दाखवतात आणि खुनी घडाघडा सगळे सांगून टाकतो, हा शेवट नाट्यमय असला तरी न्यायालयात त्याची किंमत शून्य आहे, कारण पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ मध्ये होते. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. मात्र कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू, समजा विहिरीतला कोयता, खरोखर सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला त्याच्या बोलण्याचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. ज्या लेखकाला ही तरतूद समजली, त्याच्या हाती एक पूर्ण कथानक आले असे म्हणायला हरकत नाही: किती बोलायचे आणि कुठे थांबायचे हे जाणणारा आरोपी, आणि तो थांबू नये म्हणून धडपडणारा उपनिरीक्षक.

संकल्पना कोणाचीही मालमत्ता नसते, ती मांडण्याची पद्धत असते; सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. बंद खोलीतील खून कोणीही लिहू शकतो, पण परक्या कादंबरीतील पात्रे, प्रसंग आणि उलगडा मराठी नावे देऊन उतरवणे हे रूपांतर ठरते आणि त्याला परवानगी लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य मुक्त होते. आर्थर कॉनन डॉयल १९३० मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या कथांवर काम करता येते. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांचे निधन १९७६ मधले असल्याने त्यांच्या बाबतीत २०३६ संपेपर्यंत थांबावे लागेल.

कथा तयार झाल्यावर ती युनिकोडमध्ये टंकित करून पाठवावी. अनेक अंकांची मांडणी आजही श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत होते आणि रूपांतरात रफार व जोडाक्षरे विस्कटतात, म्हणून मुद्रिते (प्रूफे) मागून घ्यावीत आणि स्वतः तपासावीत. शुद्धलेखनाआधी आकडे पाहावेत. ललितकथेत ‘नऊ दहा’ची लोकल ‘नऊ चाळीस’ची झाली तर काही बिघडत नाही, रहस्यकथेत त्याने निरपराध माणूस फासावर जातो.

आता पैशांचा प्रश्न. समजा, कादंबरीची छापील किंमत ३०० रुपये आहे, पहिली आवृत्ती ५०० प्रतींची आहे आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) दहा टक्के ठरले आहे. तर संपूर्ण आवृत्ती विकली गेल्यावर लेखकाच्या हाती १५,००० रुपये येतात, आणि ती विकली जायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. दिवाळी अंकांचे मानधन बहुधा अंक विकले गेल्यानंतर येते, काही वेळा नम्र आठवण करून द्यावी लागते, आणि काही ठिकाणी लेखक-प्रतींवरच समाधान मानावे लागते. त्यामुळे नोकरी किंवा दुसरा व्यवसाय सोडण्याची घाई करू नये. या प्रकारात तरून जातात ते एका गाजलेल्या पुस्तकाच्या बळावर नव्हे, तर मागच्या सगळ्या पुस्तकांच्या जोरावर. सार्वजनिक ग्रंथालयातला रहस्यकथेचा सभासद एक पुस्तक आवडले की त्या लेखकाची बाकीची मागतो, म्हणून तोच तपासनीस घेऊन मालिका लिहिणे व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे ठरते.

हे तेव्हाच शक्य होते, जेव्हा जुन्या पुस्तकांचे हक्क लेखकाकडे असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ प्रत्येक लेखकाने एकदा तरी वाचावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी असले पाहिजे, आणि त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे नमूद असले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता मानला जातो, आणि ज्याने हक्क घेतले त्याने ते वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, ते संपुष्टात येतात. करारात ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द आढळले तर ते खोडून फक्त मराठी छापील पुस्तकाचे हक्क ठरावीक वर्षांसाठी द्यावेत. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, भाषांतर, नाटक, मालिका आणि चित्रपट यांचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. प्रकाशक याला नकार देतीलच असे नाही; बहुतेक वेळा तो मजकूर जुन्या नमुन्यातून नकळत उतरलेला असतो. दिवाळी अंकाशी होणारा व्यवहार पुष्कळदा केवळ फोनवर होतो, म्हणून कथा पाठवतानाच ‘ही कथा केवळ या अंकात एकदा प्रसिद्ध करण्यासाठी देत आहे’ असे एक वाक्य ई-मेलमध्ये लिहावे.

रहस्यकथेला कानांनी ऐकणारा वाचक सहज मिळतो. स्टोरीटेल २०१७ साली भारतात आल्यापासून मराठी श्राव्य कथांना नियमित व्यासपीठ आहे, आणि ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन व्यासपीठावर प्रकरणाप्रकरणाने कथा वाचणारा मोठा वर्ग आहे. किंडलवर मराठी पुस्तक स्वतः प्रकाशित करता येते, आणि स्वतः प्रकाशक होणाऱ्याला आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख-क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. मालिकेसाठी किंवा वेबमालिकेसाठी कथा दाखवायची असेल तर ती आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी आणि कोणाला, कोणत्या तारखेला, काय पाठवले याची नोंद ठेवावी.

करांच्या बाबतीत दोन गोष्टी पुरेशा आहेत. पुस्तकांच्या स्वामित्वधनावर निवासी लेखकाला १९६१च्या आयकर कायद्यातील कलम ८०क्यूक्यूबीनुसार कमाल तीन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळत आली आहे, पण ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते, अंकांच्या मानधनाला लागू होत नाही, आणि त्यासाठी प्रकाशकाकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असल्याने विवरणपत्र भरण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारावे.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. लेखकाची खरी ओळख उघड झालेली नसेल तर हक्कांची साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे, तर प्रथम प्रकाशनापासून मोजली जातात, ज्यामुळे वारसांचे मोठे नुकसान होऊ शकते. त्यामुळे करारनाम्यात खरे नाव असावे आणि मुदत संपण्यापूर्वी केव्हातरी ते जाहीर करावे. करारनामे, मानधनाची पत्रे, प्रत्येक कथा कुठे आणि केव्हा प्रसिद्ध झाली याची यादी आणि मूळ फाइली एकत्र ठेवाव्यात, आणि या हक्कांचा मृत्युपत्रात घर व ठेवींबरोबर स्वतंत्र उल्लेख करून ते सांभाळू शकेल अशा एका व्यक्तीचे नाव त्यात लिहावे.