ड्राफ्टला टाइट एंड कोणता घ्यायचा, या भांडणाची पूर्वतयारी

ड्राफ्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधली दरवर्षीची निवड, तिथे टीम पाळीपाळीने कॉलेजची पोरं घेतात (एक पाळी म्हणजे एक पिक, सगळ्या टीमची एक फेरी म्हणजे एक राउंड), आणि टाइट एंड म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करणारा आणि पासही पकडणारा. सगळ्यात आधी पोरांची नावं बाजूला ठेवा. एप्रिल आला की ग्रुपवर पहिला मेसेज "आपण अमक्याला घ्यायलाच पाहिजे" असाच पडतो आणि मग त्या एका नावावरून तीन दिवस रणकंदन चालतं, पण आपल्या टीमला टाइट एंड नक्की कशाला हवाय हे कोणी विचारतच नाही. तर पहिलं काम म्हणजे डेप्थ चार्ट (कोणत्या जागी पहिला कोण, राखीव कोण याची यादी) उघडा, कोण आहे, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय, आणि मुख्य म्हणजे प्ले (प्रत्येक चाल) कोण कॉल करतो आणि तो एका वेळी किती टाइट एंड उतरवतो ते बघून ठेवा. ११ पर्सोनेल म्हणजे एक रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), एक टाइट एंड, तीन रिसीव्हर (पास पकडणारे), हा बहुतेकांचा रोजचा सेट. १२ म्हणजे दोन टाइट एंड. ज्या कोचला १२ मनापासून आवडतं त्याच्याकडे दुसरा टाइट एंडसुद्धा जवळजवळ स्टार्टरच असतो, आणि मग "आपल्याकडे आहे की एक" हे वाक्य तिथे चालत नाही. २०२५ ला शिकागो बेअर्सकडे कोल कमेट होता, दुसऱ्या राउंडचा, चांगला ठणठणीत, तरी बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आला आणि दहाव्या पिकला मिशिगनचा कोल्स्टन लव्हलँड उचलला. जॉन्सन डेट्रॉइट लायन्समध्ये ऑफेन्स (आक्रमण) चालवायच्या आधी टाइट एंड कोच होता हे ज्याने वाचून ठेवलं होतं त्याला फार धक्का बसला नसावा.

मग काम ठरवा. लाइनला चिकटून उभा राहून डिफेन्सिव्ह एंडला (समोरच्या बचावाच्या टोकाच्या माणसाला) अंगावर घेणारा हवा, की स्लॉटमधून (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेतून) सुटून सीमवर (सरळ पुढे) पळणारा? आपल्याकडे विकेटकीपर निवडताना ग्लोव्ह्ज बघायचे की बॅट, यावर जे होतं तेच इथे होतं, दोन्ही येणारा एखादाच आणि बाकी सगळे कुठेतरी मधे. कागदावर एका वाक्यात लिहा, उदाहरणार्थ "फर्स्ट डाउनला रन ब्लॉक आणि रेड झोनमध्ये टार्गेट". (फर्स्ट डाउन म्हणजे दहा यार्डांसाठीचा पहिला प्रयत्न, रेड झोन म्हणजे गोलजवळचे शेवटचे वीस यार्ड.) असं वाक्य नसेल तर वाद घालूच नका, कारण समोरचा रिसीव्हरबद्दल बोलत असतो, तुम्ही ब्लॉकरबद्दल, आणि रात्री दोनपर्यंत दोघंही बरोबरच असता.

आता फिल्म. हायलाइट्स बघायच्या नाहीत, म्हणजे बघा, जेवताना बघा, पण त्यावर मत बनवू नका. पूर्ण मॅच शोधा, किंवा त्या पोराचे सगळे स्नॅप (तो मैदानात असतानाचे सगळे प्ले) एकत्र केलेला व्हिडिओ, आणि त्यातले रन प्ले थांबवून थांबवून बघा. हात कुठे लागतात, समोरच्याच्या छातीवर की खांद्याच्या बाहेर? बाहेर लागले की होल्डिंगचा (पकडून ठेवल्याचा) फ्लॅग ठरलेला. कंबर खाली आहे का उभाच राहून ढकलतोय? पाय थांबतात का? स्प्लिट झोन नावाच्या रन प्लेमध्ये फॉर्मेशनच्या एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या एंडला आडवं जायचं असतं, तिथे शेवटच्या पावलाला दबकतो की घुसतो? हे पाच-सहा प्ले बघितले ना की पन्नास कॅचपेक्षा जास्त कळतं. पासिंगमध्ये झोन डिफेन्स (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) असेल तर मोकळ्या जागेत थांबायची अक्कल आहे का, की काढून दिलेला रूट पाठ केल्यासारखा पळत राहतो, आणि हिट बसणार हे दिसत असतानाही बॉलवर हात लांब करतो का, एवढं नोंदवा.

एक प्ले तर सगळ्यांनी बघून याच. ऑक्टोबर २०२४, पेन स्टेट विरुद्ध यूएससी, टायलर वॉरेन. त्याने सेंटरच्या (लाइनच्या मधोमध उभा राहून बॉल मागे देणाऱ्याच्या) जागी उभं राहून स्वतः बॉल स्नॅप केला आणि मग पळत जाऊन ३२ यार्डांचा टचडाउन पकडला. बाकीची लाइन सगळी एका बाजूला सरकवलेली, त्यामुळे स्नॅप करणाराच टोकाचा माणूस झाला आणि म्हणून पास घ्यायला पात्र. त्या मॅचमध्ये १७ कॅच, २२४ यार्ड. बघायला भन्नाट, पण चेकलिस्टसाठी यातून एकच गोष्ट घ्यायची, की कोचने या पोरावर एवढा भरवसा टाकला की त्याला कुठेही उभा केला. टचडाउन बाजूला ठेवा, तो प्ले आपल्या टीममध्ये कोणी कॉल करणार नाहीये.

आकडे घ्या पण आंधळेपणाने घेऊ नका. बोलिंग ग्रीनच्या हॅरल्ड फॅनिनने २०२४ मध्ये ११७ कॅच आणि १,५५५ यार्ड केले, आणि गेला कधी तर तिसऱ्या राउंडला, ब्राउन्सकडे, ६७ वा. उलट जॉर्ज किटलचे आयोवातले सगळ्या वर्षांचे मिळून ४८ कॅच. फक्त ४८! २०१७ ला पाचव्या राउंडमध्ये १४६ वा गेला आणि पुढे लीगमधल्या सगळ्यात भारी टाइट एंडमध्ये गणला गेला. आयोवा बॉलच कमी फेकायची, मग कॅच कुठून येणार. म्हणून कॅच मोजायच्या आधी टीमने पास किती टाकले ते बघा आणि त्यातला याचा वाटा काढा, आणि समोर डिफेन्स कोणाचे होते तेही.

मोजमापांवर माझा फार जीव नाही, पण रकाना ठेवा. उंची, वजन, हाताची लांबी, चाळीस यार्ड, पहिले दहा यार्ड. व्हर्नन डेव्हिस २००६ ला चाळीस यार्ड ४.३८ सेकंदांत धावला आणि सहाव्या पिकला गेला. २०२५ ला वॉरेन आणि लव्हलँड दोघंही कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) चाळीस यार्ड धावलेच नाहीत, लव्हलँडच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी दोघंही पहिल्या चौदात. तेव्हा कोणी चाळीसच्या टायमिंगवरून अख्खं भाषण ठोकायला लागला तर हे तोंडावर फेका. वय मात्र नक्की लिहा. हेडन हर्स्ट आधी बेसबॉल खेळून मग कॉलेज फुटबॉलला आला होता, २०१८ ला बाल्टिमोर रेव्हन्सनी २५ व्या पिकला घेतला तेव्हा २४ पूर्ण झालेला होता, त्याच ड्राफ्टमध्ये त्याच टीमने ८६ व्या पिकला मार्क अँड्र्यूज घेतला, आणि दोनच वर्षांत हर्स्ट ट्रेड होऊन अटलांटाला. दोघं एकाच ड्राफ्टमधले, आणि राहिला तो तिसऱ्या राउंडचा.

आता खरा मुद्दा, ज्यावर निम्मा वेळ घालवा: किंमत. पोरगा चांगला आहे का हा प्रश्न अर्धाच आहे, तो कितव्या पिकला चांगला आहे हे विचारा, आणि त्याच्यानंतर कोण कोण गेलं असतं ते शेजारी लिहा. लायन्सचं बघा, हे प्रकरण पाठच करून या. २००९ ला ब्रँडन पेटिग्रू २० वा. २०१४ ला एरिक एब्रॉन १० वा, आणि त्यानंतर लगेच १२ वा ओडेल बेकहम, १३ वा आरन डोनाल्ड. डोनाल्ड, जो पुढे लीगमधला सगळ्यात भारी डिफेन्डर ठरला! २०१९ ला परत टी. जे. हॉकिन्सन, ८ वा. तो खेळला बरं का, प्रो बोल या स्टार खेळाडूंच्या मॅचसाठी निवडला गेला, पण २०२२ मध्ये मधल्याच सीझनला व्हायकिंग्सना देऊन टाकला. आणि मग २०२३ ला ३४ व्या पिकला, म्हणजे दुसऱ्या राउंडला, सॅम लापोर्टा. पहिल्याच वर्षी ८६ कॅच, १० टचडाउन, रुकी (पहिल्या वर्षाच्या) टाइट एंडच्या कॅचचा तेव्हाचा रेकॉर्ड. एकाच टीमने चार वेळा दुकानात जाऊन तीन वेळा महाग घेतलं आणि चौथ्यांदा निम्म्या भावात सगळ्यात चांगला माल आणला.

अटलांटा फाल्कन्सचंही तसंच, काइल पिट्स २०२१ ला चौथा, टाइट एंड इतक्या वर कधीच गेला नव्हता. पहिल्या वर्षी १,०२६ यार्ड केले म्हणजे वाईट अजिबात नाही, पण पाचवा जमार चेस, सातवा पेने स्युएल, नववा पॅट्रिक सर्टन, तिघंही पुढे स्टार. हे वाचल्यावर फाल्कन्सच्या माणसाला चहा पाजा.

यात पगाराचं गणित धरायला विसरू नका, हे बरेच जण सोडून देतात. रुकीचा पगार पोझिशनवर नाही, पिकच्या नंबरवर ठरतो. दहाव्या पिकला टाइट एंड घ्या नाहीतर रिसीव्हर, पैसे तेवढेच. पण बाजारात अनुभवी टाइट एंड रिसीव्हरपेक्षा बराच स्वस्त असतो, २०२५ चा फ्रँचायझी टॅग (कॉन्ट्रॅक्ट संपलेल्याला एक वर्ष ठेवून घ्यायची ठरलेली रक्कम) टाइट एंडला साधारण १ कोटी ३८ लाख डॉलर आणि रिसीव्हरला जवळपास २ कोटी ४० लाख. म्हणजे वरच्या पिकवर रिसीव्हर लागला तर टीमचे जेवढे पैसे वाचतात तेवढे टाइट एंडमध्ये वाचत नाहीत. म्हणून माझं मत, पहिल्या राउंडला घ्यायचाच तर तिन्ही डाउनला मैदानात राहणारा घ्या, नाहीतर शांतपणे दुसऱ्या-तिसऱ्या राउंडची वाट बघा. यावर कोणीतरी ब्रॉक बॉवर्स काढणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा. रेडर्सनी २०२३ ला ३५ व्या पिकला टाइट एंड मायकल मेयर घेतलेला असताना पुढच्याच वर्षी बॉवर्स १३ वा घेतला आणि त्याने पहिल्याच सीझनला ११२ कॅच केले, माइक डिट्काचा १९६१ पासूनचा रुकी टाइट एंड यार्डांचा रेकॉर्डही मोडला. कबूल, गरजेकडे न बघता घेतला आणि फळला. पण बॉवर्स दरवर्षी येत नाही, आणि "हा आपला बॉवर्स" असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच.

मेडिकलचा रकाना रिकामा राहणार, राहू द्या, टीमच्या डॉक्टरांकडे जे असतं ते आपल्याला मिळत नाही. फक्त घसरलेला प्रत्येक पोरगा म्हणजे लॉटरी असं समजू नका आणि प्रत्येक घसरणीला घाबरूही नका. रॉब ग्रॉन्काउस्की पाठीच्या ऑपरेशनमुळे २००९ चा अख्खा कॉलेज सीझन बसला होता, म्हणून २०१० ला ४२ व्या पिकला पेट्रियट्सच्या हाती लागला.

आणि निकाल कधी लावायचा ते आत्ताच ठरवून घ्या, नाहीतर ऑक्टोबरमध्येच "बस्ट, बस्ट" (फसलेली निवड) सुरू होतं. ही पोझिशन शिकायला वेळ लागतो, लाइनमनचं पण शिकायचं आणि रिसीव्हरचं पण. ट्रे मॅकब्राइड २०२२ चा पहिला टाइट एंड, तोही ५५ व्या पिकला, पहिल्या वर्षी २९ कॅच, तिसऱ्या वर्षी १११. स्टार ट्रॅव्हिस केल्सी ६३ वा गेला आणि पहिल्या वर्षी गुडघ्यामुळे एक मॅच खेळला, कॅच शून्य. तीन सीझन द्या, मग बोला.

राहता राहिला गजर. भारतात असाल तर पहिला राउंड शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि सगळे त्यालाच उठतात, पण टाइट एंडसाठी उठायचं तर शनिवारी पहाटे साडेचारला उठा, दुसरा-तिसरा राउंड तेव्हा असतो, २०२३ ला एकट्या दुसऱ्या राउंडमध्ये पाच टाइट एंड गेले. चौथ्यापासून पुढचं शनिवारी रात्री साडेनऊला, जेवून निवांत. आणि रविवारी सकाळी अनड्राफ्टेड पोरांच्या सह्यांची यादी चाळा, त्यात कोणी बास्केटबॉलवाला दिसतोय का बघा. अँटोनियो गेट्स २००३ ला केंट स्टेटच्या बास्केटबॉल टीममधून तसाच आला होता, कोणी ड्राफ्टच केला नव्हता, आणि २०२५ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला.