सायकल मार्गिकेत उभ्या वाहनाची तक्रार कशी करावी

सायकल मार्गिकेत उभी असलेली गाडी सायकलस्वाराला भरधाव वाहतुकीत शिरायला भाग पाडते आणि मागून येणाऱ्या चालकाला हे वळण अपेक्षित नसते. धोका घडीभराचाच असतो, आणि तक्रार वाचणारा अधिकारी त्या वेळी तिथे नसतो. म्हणूनच त्याला जागेवर न येताही निर्णय घेता येईल, इतके तपशील तक्रारीत असावे लागतात.

पहिले काम म्हणजे मार्गिका कोणत्या प्रकारची आहे हे पाहणे. अनेक देशांत अखंड रेषेने आखलेल्या आणि तुटक रेषेने आखलेल्या मार्गिकेचे नियम वेगळे असतात. ब्रिटनमध्ये अखंड रेषेची मार्गिका लागू असलेल्या वेळेत त्यात गाडी उभी करता येत नाही. जर्मनीत तुटक रेषेच्या मार्गिकेवर तीन मिनिटांपर्यंत थांबण्याची पूर्वी मुभा होती. एप्रिल २०२० पासून तिथे थांबण्यासही मनाई आहे. फलकावर वेळ लिहिलेली असल्यास ती टिपून घ्यावी, कारण त्या वेळेबाहेरची तक्रार टिकत नाही.

यानंतर गाडीच्या समोरच्या काचेकडे पाहावे. तिथे लावलेला पार्किंग परवाना पाहून अनेकजण तक्रारीचा विचारच सोडून देतात, आणि चालकाचीही बहुधा तीच अपेक्षा असते. रहिवासी परवान्याने ठरावीक विभागातील आखलेल्या जागेत गाडी लावण्याची सवलत मिळते. मार्गिका अडवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. परवान्यावरील विभाग, मुदत आणि वाहन क्रमांक वाचावा. तो क्रमांक गाडीच्या नंबर प्लेटशी जुळत नसेल, तर परवान्याच्या गैरवापराची ती स्वतंत्र तक्रार होते आणि ती परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे करावी. रुग्णवाहिका, अग्निशमन दलाची गाडी, बंद पडलेले वाहन किंवा रस्त्याच्या कामासाठी विशेष परवानगी असलेले वाहन यांना मात्र सूट असू शकते. दिव्यांग व्यक्तींच्या परवान्याचे नियम ठिकाणानुसार बदलतात, म्हणून त्याबाबत आधी स्थानिक नियम पाहावा.

छायाचित्रे काढताना सायकल बाजूला घेऊन सुरक्षित जागी उभे राहावे. पहिल्या छायाचित्रात गाडी, मार्गिकेची रेषा किंवा सायकलचे चिन्ह आणि ओळखता येईल अशी एखादी खूण एकत्र दिसावी; दुसरे नंबर प्लेटचे आणि असल्यास तिसरे परवान्याचे असावे. काही मिनिटांनी त्याच जागेवरून आणखी एक छायाचित्र घेतले, तर ‘क्षणभरच थांबलो होतो’ हा बचाव लंगडा पडतो. चालकाचा किंवा प्रवाशांचा चेहरा टिपण्याचे कारण नाही. वाद घालू नये, गाडीला हातही लावू नये. लिथुआनियातील विल्नियस शहराचे महापौर आर्तुरास झुओकास यांनी २०११ मध्ये सायकल मार्गिकेतील मोटारीवर चिलखती वाहन चढवले आणि त्याबद्दल त्यांना शांततेचा इग नोबेल (नोबेलच्या धर्तीवरचा विनोदी) पुरस्कारही मिळाला, पण तो ठरवून केलेला देखावा होता.

काही शहरांत ही कारवाई पोलीस करतात, तर काही ठिकाणी महापालिकेचा पार्किंग विभाग. गाडी अजून जागेवर असेल तर फोन करावा, निघून गेली असेल तर लेखी तक्रार पाठवावी. आणीबाणीच्या क्रमांकावर मात्र फोन करू नये. मजकूर साधारण असा असावा: ‘अमुक तारखेला सकाळी ८.४० ते ८.५२ या वेळेत, अमुक चौकाच्या उत्तरेला, अमुक क्रमांकाची गाडी अखंड रेषेच्या सायकल मार्गिकेत उभी होती. गाडीत चालक नव्हता. चार छायाचित्रे जोडली आहेत.’ चालकाच्या वृत्तीबद्दलची विशेषणे गाळावीत. तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

एकाच जागी रोज गाड्या उभ्या राहत असतील, तर सुट्या तक्रारींचा फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी दोन-तीन आठवडे वार, वेळ आणि वाहनाचा प्रकार यांची नोंद ठेवावी. नोंदीत माल उतरवणारे टेम्पोच जास्त दिसले, तर जवळच माल चढ-उताराची जागा आखून मागावी, कारण त्यांना कुठेतरी थांबावेच लागते. खासगी मोटारी जास्त असल्या, तर मार्गिकेच्या कडेने बोलार्ड (जमिनीत रोवलेले आखूड खांब) बसवण्याची मागणी त्या नोंदीसह रस्ते विभागाकडे करावी. रंगाची रेषा कोणतीही गाडी सहज ओलांडते. बोलार्ड असला की तिला आत शिरताच येत नाही.