जुने स्केटबोर्ड जमवताना या चुका टाळा

नागपुरात जुने स्केटबोर्ड जमवणारे लोक फार नाहीत, पण या छंदात नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण मला एकच बातमी मोठ्या आनंदाने सांगतो: इतवारीतल्या कबाड्याकडे किंवा नातेवाइकांच्या माळ्यावर जुना बोर्ड सापडला आणि सुताराकडून तो अगदी नव्यासारखा करून घेतला. बातमीचा दुसरा भाग ऐकला की मन खट्टू होते, कारण जुन्या बोर्डाचे मोल त्याच्या खुणांत असते आणि त्या एकदा घासल्या गेल्या की कोणत्याही किमतीला परत मिळत नाहीत.

धरमपेठेतल्या एका मुलाच्या आजोबांनी साठच्या दशकात अमेरिकेतून शिकून परतताना एक अरुंद, सपाट लाकडी बोर्ड आणला होता. मुलगा तो घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा लाकडावर काचकागद फिरून मेलामाइन पॉलिश चढले होते, खालचा कंपनीचा छाप नाहीसा झाला होता आणि मूळची मातीमिश्रित चाके किनारी झडलेली आहेत म्हणून फेकून देऊन त्यांच्या जागी रोलर स्केटची प्लॅस्टिकची चाके बसवली होती. त्या झडलेल्या किनारी हाच त्या बोर्डाचा सर्वांत बोलका पुरावा होता. ती चाके ठिसूळ होती, रस्त्यावर त्यांची पकड कमी होती आणि बारीकसा खडा आडवा आला तरी ती जागीच अडकून चालवणारा पुढे फेकला जाई. अपघात वाढले, १९६५च्या सुमारास अनेक अमेरिकन शहरांनी स्केटबोर्डवर बंदी घातली आणि स्केटबोर्डच्या वेडाची पहिली लाट ओसरली. हा सगळा इतिहास त्या चार चाकांवर दिसत होता. छाप गेल्यामुळे तो बोर्ड मकाहाचा होता, होबीचा होता की आणखी कोणाचा, हे आता ठरवता येत नाही, आणि सांगायला आजोबाही हयात नव्हते.

माझी सवय अशी आहे की बोर्ड घरी आल्यावर पहिला आठवडा मी त्याला हत्यार लावत नाही. सर्व बाजूंनी छायाचित्रे काढतो, मऊ ब्रशने धूळ झाडतो आणि जुन्या सुती धोतराच्या कोरड्या फडक्याने पुसतो. वाळलेला चिखल असेल तर फडके किंचित ओलसर करतो, पण छापाच्या जागी तेही नेत नाही. थिनर, रॉकेल आणि काचकागद यांना माझ्या टेबलावर जागा नाही. एका दुपारीत बोर्ड चकाचक करण्याची घाई ज्यांना आवरत नाही, त्यांनी नवा बोर्ड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच भागावरून बोर्डाचे वय ठरवणे ही दुसरी चूक. १९५९च्या सुमारास बाजारात आलेल्या रोलर डर्बी या कंपनीच्या बोर्डांना पोलादी चाके होती, साठच्या दशकात मातीमिश्रित चाके आली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी याने कॅडिलॅक या नावाने युरेथेनची, म्हणजे चांगली पकड घेणाऱ्या लवचिक प्लॅस्टिकची, चाके विकायला सुरुवात केल्यावर सगळा खेळच बदलला. हा क्रम पाठ करून लोक युरेथेन दिसले की बोर्ड सत्तरच्या दशकातला ठरवतात. पण त्या काळी कित्येकांनी जुन्याच फळीवर नवी चाके चढवली होती, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मी ट्रक, म्हणजे चाके फळीला जोडणारा धातूचा भाग, काढून त्याखालची स्क्रूची छिद्रे पाहतो. बुजवलेली जादा छिद्रे आणि लाकडावर उमटलेला वेगळ्या मापाच्या पट्टीचा ठसा दिसला, तर सुटे भाग नंतर बदलले गेले, हे कळते.

छिद्रांचा हा धडा मी पैसे मोजून शिकलो आहे. ऐंशीच्या दशकातला म्हणून कवटीचे चित्र असलेला एक रुंद डेक, म्हणजे चाकांशिवायची नुसती फळी, मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवला आणि आयात शुल्कासह त्यासाठी दोन महिन्यांचा पगार घातला. चित्र अस्सल वाटत होते, रंगही मुरलेले होते. ट्रक बसवायला घेतले तेव्हा माप जुळेना. ट्रकच्या स्क्रूंमधले लांबीच्या दिशेचे अंतर पूर्वी अडीच इंच असे आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते सव्वादोन इंचांहून थोडे कमी, म्हणजे दोन पूर्णांक एक अष्टमांश इंच झाले. माझ्या डेकवर केवळ नव्या मापाची छिद्रे होती. कंपन्या जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढतात आणि तशा सांगून विकतात, त्यात गैर काही नाही. मला मात्र ती जुनी म्हणून विकली गेली. तेव्हापासून मोजपट्टी लावून काढलेले छिद्रांचे छायाचित्र आल्याशिवाय मी एक रुपयाही पाठवत नाही.

नागपूरकरांची खास चूक म्हणजे बोर्ड कूलरसमोरच्या भिंतीवर टांगणे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर असतो आणि खोलीत वाळ्याच्या ताट्यांमधून दमट हवा येत असते. मॅपलचे सात पातळ थर चिकटवून केलेला डेक दिवसभर ती ओल शोषतो, कूलर बंद झाला की सुकतो, आणि या ओढाताणीत कडेचे थर सुटू लागतात. टिनाच्या छताखालचा माळाही तितकाच वाईट. मी बोर्ड आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवतो आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरवड्याला बदलतो. बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कारण दमट कागदाची शाई लाकडावर उतरते.

जुन्या मातीच्या चाकांवर उभे राहू नका. गंजलेला स्क्रू ड्रिल मशीनने फिरवू नका. तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबा. नवे बेअरिंग आणण्याआधी अ‍ॅक्सल व्हर्नियरने मोजा आणि बसत नसेल तर हातोडी मारू नका. बदललेला प्रत्येक भाग, अगदी ट्रकमधले चिरलेले रबरी बुशही, चिठ्ठी लावून त्या बोर्डाजवळच ठेवा. आणि घरातल्या माणसांकडून बोर्ड घेत असाल, तर पैसे देण्याआधी तो कोणी, कधी आणि कुठून आणला हे विचारून त्यांच्यासमोरच वहीत लिहून घ्या.