रायफलची नळी साफ कशी करावी, नेम न बिघडवता

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या काही मराठी घरांत आजोबांची शिकारी रायफल अजून परवान्यावर आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली. आता ही रायफल चालते फक्त रेंजवर, कागदी निशाणावर. नेम हलला की लोक दुर्बिणीला, लाकडी दस्त्याला दोष देतात, नळीत कोणी डोकावत नाही. आणि जे डोकावतात ते घासघासून तिची वाट लावतात.

नळीच्या आतल्या पिळदार खाचांमुळे गोळी फिरत, सरळ जाते. दर बारागणिक, म्हणजे दर गोळीमागे, तिथे काजळी आणि गोळीच्या कवचाचं तांबं साचतं. थर वाढला की गोळ्या पसरू लागतात. मात्र तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळीही बहुधा भलतीकडेच लागते. नळी दर वेळी सारख्या स्थितीत असणं महत्त्वाचं, चकचकीत असणं नव्हे.

आधी रायफल रिकामी करा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहा आणि करंगळीनं चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. खिडक्या उघडा, हातमोजे घाला.

बोल्ट रायफलमध्ये गज, म्हणजे चिंधी-ब्रश लावायची सळई, मागूनच घाला. पुढच्या तोंडाची कड फार जपायची, कारण गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श तिथेच होतो. ती एका बाजूनं झिजली की वायू गोळीला एकीकडून आधी ढकलतो, आणि ते नुकसान साफसफाईनं भरून निघत नाही.

सॉल्व्हंटची (मळ विरघळवणाऱ्या द्रवाची) ओली चिंधी फिरवून बाटलीवर लिहिलंय तेवढं थांबा. मग कांस्याचा ब्रश फिरवा. तो पुढून पूर्ण बाहेर आल्याशिवाय मागे ओढू नका. मग कोरड्या चिंध्या. काळा डाग काजळीचा, निळसर-हिरवा तांब्याचा. ब्रशमधलं तांबंही चिंधी निळी करतं, म्हणून शेवटची तपासणी ब्रशशिवाय करा.

जुनी काडतुसं वापरली असतील तर एक काम अजिबात टाळू नका. त्यांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मागच्या भागात, बहुतेकदा पोटॅशियम क्लोरेट असे. बारानंतर नळीत मिठासारखा क्षार उरतो आणि तो हवेतली ओल खेचतो. मे महिन्याच्या कोरड्या लूमध्ये एकवेळ निभावतं, जुलैत रात्रीतून गंज चढतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. त्याच दिवशी गरम पाण्यात भिजवलेल्या दोन-तीन चिंध्या फिरवा, नळी खडखडीत कोरडी करा, मगच तेलाचा पुसट हात द्या.

चामड्याच्या म्यानात रायफल ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.

रेंजवर पहिल्या बाराआधी कोरड्या चिंधीनं तेल पुसून घ्या, दोन-तीन बार झाल्यावर गट, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पसारा, मोजा. साफ केल्यापासून कितव्या बाराला गट फुटू (पसरू) लागला ते वहीत टिपा. पुढची सफाई त्याच्या थोडी आधी. पॉइंट बावीस या लहान काडतुसाच्या रायफलला बहुधा बरीच कमी सफाई पुरते.

एवढं करूनही गट जुळत नसेल तर घासणं थांबवा. दस्त्याचे स्क्रू आणि दुर्बिणीची पकड घट्ट आहे ना पाहा, आणि परवानाधारक कारागिराकडून तोंडाची कड व खाचांतले गंजाचे खड्डे तपासून घ्या.