घरातल्या सगळ्यांना मिळून बघता येईल असा विनोदी ॲनिमेशनपट कसा निवडावा

ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, हा समज आधी काढून टाका. एप्रिल १९८८ मध्ये जपानच्या स्टुडिओ घिब्लीने दोन चित्रपट एकाच दिवशी, जोडीने प्रदर्शित केले. एक ‘माय नेबर टोटोरो’. त्यात दोन बहिणी आणि जंगलात राहणारा एक गुबगुबीत प्राणी आहे. दुसरा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. त्यात युद्धकाळात दोन भावंडं उपासमारीने मरतात. स्टुडिओ एकच आणि दोन्ही हाताने रंगवलेले, पण दुसरा लावून चार वर्षांच्या पोरासमोर बसलात तर रात्रभर त्याला थोपटत बसावं लागेल. ‘सॉसेज पार्टी’ (२०१६) तर त्याहून फसवा. त्यात दुकानातले खाद्यपदार्थ हसतात, बोलतात, पण अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही) मिळालं, ते अश्लील विनोदांमुळे. तेव्हा नुसतं पोस्टर बघून बटण दाबू नका.

आधी माणसं बघा, मग चित्रपट

आज सोफ्यावर कोण कोण बसणार आहे? त्यातलं सगळ्यात लहान कोण आणि सगळ्यात वयस्कर कोण? निवड या दोघांसाठी करायची. मधले सगळे जमवून घेतात. बारा वर्षांचा मुलगा सुरुवातीला “हे बाळांचं आहे” म्हणून तोंड वाकडं करेल, पण चित्रपट खरोखर चांगला असेल तर दहा मिनिटांत तोच पुढे सरकून बसेल. धाकटीला भीती वाटली किंवा आजीला काही कळेनासं झालं, तर मात्र ती दोघं मनातून उठून जातात, आणि मग सगळ्यांनी मिळून बघण्यात अर्थ उरत नाही.

प्रमाणपत्र वाचा, पण तिथेच थांबू नका

ओटीटीवर चित्रपट सुरू होताना कोपऱ्यात ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ किंवा ‘ए’ असं दिसतं. २०२१ च्या नियमांनी ही वर्गवारी ओटीटीला लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनी चित्रपटगृहातल्या ‘यूए’चेही असेच तीन भाग पडले. शेजारी बारीक अक्षरांत हिंसा, भाषा असं कारण लिहिलेलं असतं. तेही वाचा. पाच-सहा वर्षांचं मूल सोबत असेल तर मी ‘१३+’च्या वाटेला जात नाही.

पहिली पंधरा मिनिटं स्वतः बघा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. ट्रेलरवर विसंबू नका, त्यात निवडून निवडून हशेच घातलेले असतात.

‘फाइंडिंग निमो’ (२००३) अमेरिकेत ‘जी’, म्हणजे सर्वांसाठी. पण सुरुवातीलाच एक मोठा मासा झडप घालतो आणि निमोची आई व एक सोडून सगळी अंडी नाहीशी होतात. ‘चिकन रन’ (२०००) हाही ‘जी’ आणि विनोदी, पण त्यात अंडी न देणाऱ्या कोंबडीवर सुरुवातीलाच कुऱ्हाड चालते. घाव पडद्यावर दिसत नाही, तरी मुलांना बरोबर कळतं. ‘अप’ (२००९) च्या आरंभी एका जोडप्याचा अख्खा संसार जवळजवळ संवादांशिवाय उलगडतो आणि बायको जाते. तिथे मुलांपेक्षा मोठीच माणसं रडतात. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर ‘अप’ त्या आठवड्यात नकोच.

हे तिन्ही चित्रपट मला फार आवडतात. ते दाखवू नका असं मी म्हणत नाही. कुठे काय येतं ते तुम्हाला आधी माहीत असावं, इतकंच. लहान मुलांना आई-बाबा हरवणं, अंधार आणि अचानक येणारा मोठा आवाज यांची भीती जास्त वाटते. त्यामुळे आदल्या रात्री फोनवर सुरुवात बघा आणि शेवटाकडचा अर्धा तासही चाळा, कारण खलनायकाचा जोर तिथेच असतो.

भाषा कोणाकोणाला कळेल?

मराठी डबिंग क्वचितच मिळतं, हे दुःख आहे. हिंदी बऱ्याचदा मिळतं, पण लावण्याआधी ऑडिओच्या यादीत ते आहे का, हे तपासा. सबटायटल्सच्या भरवशावर राहू नका: पाच वर्षांच्या मुलाला त्या वेगाने वाचता येत नाही आणि आजीचा चष्मा तिथवर पोचत नाही. शिवाय शब्दांवरच्या कोट्या डबिंगमध्ये हमखास मरतात. पडणं, धडपडणं, चेहऱ्यावरचे भाव यांतला विनोद मात्र कुठल्याही भाषेत टिकतो.

म्हणूनच पहिल्यांदा सगळे मिळून बसणार असाल तर मी ‘शॉन द शीप मूव्ही’ (२०१५) सुचवेन. साधारण ८५ मिनिटांचा चित्रपट, आणि त्यात समजण्याजोगं एकही वाक्य नाही, माणसंसुद्धा नुसती पुटपुटतात. शेतकऱ्याची स्मृती जाते, तो शहरात हरवतो आणि मेंढ्या त्याला शोधायला निघतात. इंग्रजी न येणारी माझी आई आणि अक्षरओळख नसलेली मुलगी एकाच क्षणी हसल्या, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हसू कशावर येतं?

जाड्या, काळ्या, तोतऱ्या माणसावर हसायला लावणारा विनोद मला घरात नको असतो. मुलं ते वाक्य सोमवारी शाळेत घेऊन जातात. पादण्या-ढेकरांचे विनोद मी चालवून घेते, त्यावर आमच्याकडे आजीच सगळ्यात जास्त हसते.

लांबी दीड तासाच्या आसपास असू द्या, मध्ये पाच मिनिटं मध्यंतर करा आणि जेवणं उरकून आठच्या आत सुरू करा. मूल उशीत तोंड लपवू लागलं तर लगेच थांबवा. “काही नाही होत, बघ” असं म्हणू नका.

आम्ही ‘निमो’ चौथ्या मिनिटाला बंद केला होता, मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. दोन वर्षांनी तिनेच तो मागितला आणि तो मासा यायच्या आधी आजीच्या डोळ्यांवर हात ठेवून म्हणाली, “आजी, आता बघू नकोस हं, मी सांगते कधी उघडायचे.”