काळी पडलेली टिन्सेल आणि तार स्वच्छ कशी करावी

मासेमारीची फ्लाय, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं नकली किड्याचं आमिष, बांधायची चंदेरी टिन्सेल (तिच्यावर गुंडाळायची चकचकीत पट्टी) काळवंडली म्हणून टाकून देऊ नका, आणि पॉलिशची पेस्ट लावून घासू तर मुळीच नका. तिच्यावरचा चांदीचा मुलामा फार पातळ असतो. घासलं की काळेपणाबरोबर चांदीही जाते, खालचं तांबं उघडं पडतं आणि ते पुन्हा झाकता येत नाही.

आधी टिन्सेल खरोखर धातूची आहे का ते बघा. टोक दुमडून सोडा. धातूची घडी तशीच राहते, मायलारची, म्हणजे चकचकीत प्लास्टिकची, उलगडते. मायलार काळी पडत नाही. ती ओल्या फडक्याने पुसली की झालं.

काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. काचेच्या वाडग्यात अॅल्युमिनियम फॉइल अंथरा, 250 मिली कडकडीत गरम पाणी ओता आणि त्यात 1 मोठा चमचा खायचा सोडा विरघळवा. लागेल तेवढीच, मीटरभर टिन्सेल सैल वेटोळं करून फॉइलवर ठेवा. वेटोळं फॉइलला टेकलंच पाहिजे. तरंगत राहिलं तर काहीच होत नाही. गंधक अॅल्युमिनियमकडे जातं, चांदी जागेवरच राहते. सडक्या अंड्यासारखा हलका वास आला की समजा, काम सुरू झालं. 2-3 मिनिटं पुरतात. मग साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्या.

ओव्हल टिन्सेलला जास्त जपावं लागतं. जरीसारखी तिची पट्टी दोऱ्यावर गुंडाळलेली असते आणि तो दोरा पाणी पितो. कापण्याआधी दोन्ही टोकांना वार्निशचा थेंब लावा, नाहीतर पट्टी उसवते. मिनिटभरात बाहेर काढा आणि रात्रभर सुकू द्या. ओलसर रिळावर गुंडाळली तर आतून पुन्हा काळी पडते.

उघड्या तांब्याच्या तारेला 100 मिली व्हिनेगर आणि अर्धा चमचा मीठ पुरे. अर्ध्या मिनिटात रंग उजळतो. नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, नाहीतर तार पुन्हा कळकते. रंगीत तारेवर लाखेचा थर असतो, तिला अॅसिटोन लावू नका.

बांधून झालेली फ्लाय बुडवू नका: गळ गंजतो, पिसं चिकटतात. कोरड्या कापसाच्या काडीने पुसा, तेवढंच.

रिळं झिप पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. त्यांना रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने त्याच्याखालचीच टिन्सेल सगळ्यात आधी काळी होते.